नियम कोणासाठी वाकतो?

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात हिऱ्यांच्या प्रकाशगुणधर्मांवरील एक प्रबंध जपून ठेवलेला आहे. अ‍ॅना मणी या तरुण संशोधिकेने तो ऑगस्ट १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला सादर केला होता. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, ती प्रबंधातील एखाद्या चुकीमुळे नव्हे. मणी यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, हे कारण देण्यात आले.

त्याआधी बत्तीस वर्षे, १९१३ साली, याच विद्यापीठापुढे जवळजवळ असाच प्रश्न आला होता. त्या वेळच्या अर्जदाराकडे एम.ए. तर नव्हतीच, साधी बी.ए.ही नव्हती. विद्यापीठाने त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. त्या अर्जदाराचे नाव श्रीनिवास रामानुजन.

विज्ञानक्षेत्रात काम करू पाहणाऱ्या तरुण स्त्रियांचा इतिहास बहुधा बंद दारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते पूर्णपणे खरे नाही. कित्येकदा दाराला कुलूप नव्हते; दार कोणासाठी किती उघडायचे, हे तेथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. नियमाला अपवाद करण्याचा हा अधिकार कोणाच्या बाजूने वापरला गेला आणि कोणाच्या बाबतीत नियमाचे अक्षर पुढे करण्यात आले, हे पाहिले म्हणजे भेदभावाची खरी रीत ध्यानात येते. त्यासाठी कुंभकोणमपासून आरंभ करावा लागतो.

कुंभकोणमचा विद्यार्थी

कावेरीकाठचे कुंभकोणम मराठी वाचकाला अगदीच परके नाही. १६७६ नंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. शेजारच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी दक्षिणेकडील भजनपद्धतीला जे रूप दिले, त्यात मराठी संतांच्या अभंगांनाही स्थान मिळाले. याच परिसरात, कुंभकोणमच्या सारंगपाणी देवळाजवळच्या एका साध्या घरात रामानुजन वाढले.

१९०४ साली त्यांना कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. पण गणिताखेरीज इतर विषयांत ते नापास झाले आणि ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातूनही एफ.ए.ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. १९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले. वॉकर हे मुळात केंब्रिजचे गणिती. रामानुजन यांचे काम पाहून त्यांनी विद्यापीठाकडे शिफारस केली. पदव्युत्तर पात्रता नसलेल्या माणसाला संशोधन शिष्यवृत्ती देण्याची सोय नियमांत नव्हती. तेव्हा संशोधनाला चालना देणे हे विद्यापीठाचे एक कर्तव्यच आहे, या कायद्याच्या प्रास्ताविकातील उद्देशाचा आधार घेण्यात आला आणि १ मे १९१३ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. नियमाच्या अक्षरापेक्षा त्याचा हेतू मोठा मानला गेला.

केंब्रिजनेही तसेच केले. मार्च १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे रामानुजन यांना तेथील बी.ए. पदवी मिळाली. याच केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट या तरुणीने सीनिअर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली ज्या मानामुळे महाराष्ट्रात ‘रँग्लर परांजपे’ झाले, त्याच मानाची ही परीक्षा. फॉसेट यांना मात्र ना तो किताब मिळाला, ना पदवी. स्त्रियांना पदवी देण्याची तरतूदच केंब्रिजच्या नियमांत नव्हती, आणि त्या नियमाचा हेतू तपासून पाहावा असे अधिकाऱ्यांना वाटले नाही.

रामानुजन यांच्यासाठी केलेला अपवाद योग्यच होता. तो झाला नसता तर गणित दरिद्री राहिले असते. प्रश्न एवढाच की, ही दृष्टी इतरांच्या बाबतीत कोठे गेली.

रामानुजन यांच्या घरातच एक तरुण स्त्री होती. जानकी यांचा विवाह १९०९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी झाला. एप्रिल १९२० मध्ये रामानुजन वारले तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. पुढली काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या आणि तेथे शिवणकाम शिकल्या. १९३१ साली मद्रासला परतून त्यांनी ट्रिप्लिकेनमध्ये बिऱ्हाड केले. मद्रास विद्यापीठाचे निवृत्तिवेतन आणि शिवणकामाची मिळकत यांवर त्यांनी उदरनिर्वाह केला. शाळा-महाविद्यालयाचे दार जिच्यासाठी कधी उघडलेच नाही, अशा विधवा तरुणीने स्वतःच्या कष्टाने उभारलेले हे आयुष्य होते. ते १९९४ पर्यंत चालले.

मुंबईची पदवीधर

जानकी मुंबई सोडून गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत ही विद्यार्थिनी पहिली आली. तिचा मुख्य विषय रसायनशास्त्र आणि दुय्यम विषय भौतिकशास्त्र होता. मराठी वाचक ज्यांना लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि निर्भीड लेखिका म्हणून ओळखतात, त्या दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्रारंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. त्यामुळे कमलाबाईंनी संशोधनासाठी तेथेच अर्ज करणे स्वाभाविक होते.

त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. त्यांनी अर्ज नामंजूर केला. गुणवत्तेत काही उणे नव्हते. स्त्रिया संशोधनास पुरेशा सक्षम नसतात, असे संचालकांचे मत होते. विशेष हे की, संस्थेच्या जुन्या नोंदींत १९२०च्या दशकातील काही विद्यार्थिनींची नावे आढळतात. म्हणजे नकार आला तो नियमातून नव्हे, मतातून.

येथे रामन यांचा पूर्वेतिहासही आठवावा लागतो. ते स्वतः मद्रासचे एम.ए. होते, वित्त विभागात नोकरी करत होते आणि फावल्या वेळात कलकत्त्यात प्रयोग करत होते. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद त्यांना देऊ करण्यात आले, तेव्हा त्या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट आडवी आली. रामन यांनी परदेशी जाण्यास नकार दिला आणि सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने ती अट दूर करण्यात आली. त्या निर्णयाचे फळ म्हणजे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर झालेला रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक. ज्यांच्यासाठी एक अट शिथिल झाल्याने भारतीय विज्ञानाचे भाग्य उजळले, त्यांनी नियमातील सर्व अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी नव्या अटी निर्माण केल्या.

कमलाबाईंनी नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण त्यांनी संचालकांना समोरासमोर विचारले. त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला, असे सांगितले जाते. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. अखेरीस प्रवेश मिळाला, पण सशर्त. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, त्यांनी काम करायचे होते. संचालकांचे समाधान झाले तरच त्यांचे काम मान्य होणार होते. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये याची जबाबदारी त्यांच्यावरच होती.

या अटी नीट वाचण्याजोग्या आहेत. पहिल्या तीन अटींचा अर्थ असा की, पुरुष विद्यार्थ्याची पात्रता त्याच्या पदवीने सिद्ध होते, स्त्रीची पात्रता पदवीनंतरही एक वर्ष संशयित राहते. चौथी अट त्याहून खोल जाते. सहकाऱ्याचे लक्ष विचलित झाले तर दोष त्याचा नव्हे, तिचा. कामाच्या ठिकाणी स्त्रीने स्वतःच्या कामाखेरीज इतरांच्या वर्तनाचाही भार वाहायचा, ही अपेक्षा येथे अटीच्या रूपाने पुढे ठेवली गेली होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरा मार्ग संशोधन सोडून देण्याचा होता. आपल्याला ही वागणूक केवळ स्त्री म्हणून मिळाली आणि तो अपमान कधीही विसरता आला नाही, हे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या एका कार्यक्रमात उघडपणे सांगितले. त्याच प्रसंगी रामन यांचे वैज्ञानिक मोठेपणही त्यांनी मान्य केले.

मार्गदर्शक म्हणून लाभलेले एम. श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते, पण शिकवण्यात त्यांनी भेद केला नाही. कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. ज्या देशातील बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज वरणभातातून भागते, तेथे या संशोधनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेत इतर विद्यार्थिनींनाही घेतले जाऊ लागले. १९३६ साली त्या विशेष श्रेणीत एम.एस्सी. झाल्या.

केंब्रिज ते मुंबई

१९३७ साली शिष्यवृत्त्यांच्या बळावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. डेरेक रिक्टर आणि पुढे रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. बटाट्याच्या ऊतींचा अभ्यास करताना त्यांना वनस्पतिपेशींमध्ये सायटोक्रोम सी आढळले. सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन आहे. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेण्याचे काम ते करते. प्राणी आणि यीस्ट यांच्या श्वसनातील त्याचे कार्य परिचयाचे होते. वनस्पतीही श्वसनासाठी हीच व्यवस्था वापरतात, हे या कामाने पुढे आणले. जीवसृष्टीची रासायनिक एकता दाखवणारा हा धागा होता. १९३९ मध्ये सादर केलेला त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

त्यांना पीएच.डी. मिळाली, पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचे नाव देई, विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व देत नसे. ते १९४८ साली मिळाले. कमलाबाईंचा उल्लेख विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा अनेकदा केला जातो. मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘पहिली कोण’ यापेक्षा, पहिल्या ठरलेल्या प्रत्येकीला पुढे नोकरीत काय वाट्याला आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कमलाबाई १९३९ मध्ये मायदेशी परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. हे महाविद्यालय स्त्रियांसाठीच स्थापन झालेले होते. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक होत्या. पण तेथे वर जाण्याचा मार्ग दिसेना, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. १९४७ साली विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्राची एक पिढी घडवली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडवर्गीय झाडांच्या या ताज्या रसात आणि त्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह टिकून राहते आणि कुपोषित मुले व गर्भवती यांना ते स्वस्तात देता येते, असे त्यांच्या कामातून दिसले. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. एवढे करूनही, ज्या संस्थेत त्या शिकवत होत्या तिच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक चार वर्षे लांबली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९३३ मध्ये नकार तोंडावर देण्यात आला होता. आता कोणी नाही म्हणत नव्हते, फक्त उशीर होत होता. अखेर त्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. अन्नातील भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता या विषयांवर त्या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होत असताना त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

हिरे आणि हवामान

कमलाबाईंनी बंगळूरमध्ये जी वाट पाडली, तिच्यावरून चालत आलेल्यांपैकी एक होत्या अ‍ॅना मणी. त्रावणकोरमधील पीरमेड येथे १९१८ साली जन्मलेल्या मणी यांनी १९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून बी.एस्सी. ऑनर्स पूर्ण केले. त्याच पदवीच्या आधारावर शिष्यवृत्ती मिळवून १९४० साली त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

रामन यांच्या संग्रहात शेकडो हिरे होते. मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे प्रतिदीप्ती, शोषण आणि रामन वर्णपट नोंदवले. त्यासाठी हिरा अतिशीत अवस्थेत ठेवावा लागे आणि छायापट्टीवर वर्णपट उमटण्यास पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाले.

प्रवेशाचा प्रश्न आता उरला नव्हता. भेद दैनंदिन वागणुकीत उतरला होता. प्रयोगशाळेत मुलगे व मुली यांनी परस्परांशी बोलू नये, अशी शिस्त होती. विज्ञान जितके उपकरणावर घडते तितकेच ते चहाच्या पेल्याभोवती होणाऱ्या चर्चेत घडते. त्या चर्चेतून मुली आपोआप वगळल्या जात. उपकरण हाताळताना मुलीकडून लहानशी चूक झाली तरी ती व्यक्तीची चूक न राहता स्त्रीजातीच्या अकार्यक्षमतेचा पुरावा ठरे, असा अनुभव मणी यांनी पुढे सांगितला. त्यांच्या समकालीन सुनंदाबाई यांनीही प्रकाशाच्या विकिरणावर भरीव संशोधन प्रसिद्ध केले होते. त्यांनाही पीएच.डी. मिळाली नाही आणि पुढील संशोधनासाठी स्वीडनला जाण्यापूर्वीच त्यांचे अकाली निधन झाले.

बंगळूरच्या संशोधनाला तेव्हा पदवी देत असे ते मद्रास विद्यापीठ. त्याने मणी यांचा प्रबंध एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून परत केला. ज्या ऑनर्स पदवीवर शिष्यवृत्ती दिली गेली होती, तीच आता अपुरी ठरली. रामानुजन यांच्या वेळी संशोधनाला चालना देण्याचा जो उद्देश विद्यापीठाला आठवला होता, त्याची आठवण या वेळी करून देणारा कोणी पुढे आला नाही. वॉकर यांच्यासारखा शिफारस करणारा नव्हता, मुखर्जी यांच्यासारखा अट दूर करणारा नव्हता. अपवादाला नेहमी एक बोलणारा माणूस लागतो. सत्तेच्या जागी बसलेले सर्वजण पुरुष असतात तेव्हा तरुण पुरुषात त्यांना स्वतःचे जुने रूप दिसते. तरुण स्त्रीत दिसत नाही. भेदभावासाठी दरवेळी द्वेष असावा लागत नाही, एवढी उदासीनताही पुरते.

मणी यांनी पदवीच्या मागे आयुष्य दवडले नाही. १९४५ मध्येच त्या शासकीय शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गेल्या. मिळालेली शिष्यवृत्ती हवामानशास्त्रीय उपकरणांसाठी होती, म्हणून त्या भौतिकशास्त्राकडून तिकडे वळल्या. १९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. ज्या खात्याच्या प्रमुखाने १९१३ मध्ये रामानुजन यांच्यासाठी शब्द टाकला होता, तेच हे खाते. सिमल्याहून आलेले म्हणून शिवाजीनगरातील त्याच्या कार्यालयाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. स्वतंत्र भारताला तेव्हा साधी हवामान उपकरणेही परदेशातून आणावी लागत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटने तयार करवून घेतली आणि त्यांचे उत्पादन देशात सुरू केले. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि १९८०-८१ मध्ये भारतातील सौर प्रारणावरील त्यांचे दोन संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाले. आजच्या सौर आणि पवन ऊर्जेच्या नियोजनामागे त्यांच्या मोजमापांचा पाया आहे.

मर्जी आणि हक्क

या तिन्ही आयुष्यांकडे पाहून ‘गुणवत्ता अखेर विजयी होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. अडथळे ओलांडून पुढे गेलेल्यांचीच नावे इतिहासाला ठाऊक असतात. १९३३ साली नकाराचे पत्र वाचून ज्या घरी परतल्या असतील, त्यांचा प्रबंध कोठल्याही ग्रंथालयात नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत लिंगभेदाला मनाई केली. तरी जुनी रीत लगेच गेली नाही. १९७४ साली बंगळूरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुळकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची एक जाहिरात वाचली. तरुण अभियंते हवेत, पण स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत म्हटले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. तथापि येथेही एका थोर माणसाच्या उदारपणाने एकीसाठी अपवाद झाला. सर्वांसाठी नियम बदलला तो १९७६ च्या समान वेतन कायद्याने. या कायद्याने वेतनाबरोबरच भरतीतील भेदभावालाही मनाई केली.

परराष्ट्र सेवेत तर नियमच भेदभावाचा होता. स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी आणि विवाहानंतर तिला राजीनामा द्यायला लावता यावे, अशी तरतूद होती. सी. बी. मुथम्मा यांनी ती सर्वोच्च न्यायालयात नेली आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कठोर शब्दांत टीका केली. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली. प्रयोगशाळेतील पुरुषांच्या वर्तनाची जबाबदारी कमलाबाईंवर टाकणारी १९३३ ची अट आणि तीच जबाबदारी संस्थेवर टाकणारा २०१३ चा कायदा, यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे.

संशोधनाच्या नियमांतही असाच बदल झाला. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि संशोधनकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. आता ही सवलत मार्गदर्शकाच्या कृपेवर अवलंबून नाही. ती मागता येते. २०२२ च्या नियमांनी आणखी एक जुनी अट सैल केली. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएच.डी.साठी पात्र ठरवण्यात आले. एम.एस्सी.वाचून पीएच.डी. नाही, ही १९४५ साली अढळ वाटलेली अट माणसांनीच केलेली होती आणि माणसांनाच ती बदलता आली.

२०२० चा राष्ट्रीय विज्ञान दिन ‘विज्ञानातील स्त्रिया’ या विषयाला वाहिलेला होता. त्या दिवशी केंद्र शासनाने अकरा भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या नावे अध्यासने जाहीर केली. त्या यादीत जानकी अम्माळ, इरावती कर्वे आणि कमल रणदिवे यांच्याबरोबर अ‍ॅना मणी यांचेही नाव होते. जिला डॉक्टरेट नाकारली तिच्या नावे प्राध्यापकपद, आणि तेही रामन परिणामाच्या स्मृतिदिनी, हा योग इतिहासाने जुळवून आणला.

आज संशोधनाच्या किंवा नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने या इतिहासातून एक गोष्ट अवश्य उचलावी. नकार येईल तेव्हा तो कोणत्या नियमाने आला हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. नियम असेल तर तो वाचता येतो, तपासता येतो, बदलून घेता येतो. नियम नसून केवळ मत असेल तर ते विचारताक्षणी उघडे पडते. बावीस वर्षांची कमला भागवत १९३३ साली मुंबईहून बंगळूरला गेली, ती हाच प्रश्न विचारण्यासाठी.